कमोडमधली तपकिरी रेघ, बेसिनमधला तांबूस ओघळ आणि ॲसिडची बाटली

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. उंड्रीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आले आहेत. कमोडमध्ये पाण्याच्या पातळीवर तपकिरी, खरखरीत रेघ आहे. बेसिनमध्ये नळाच्या बरोबर खाली तांबूस ओघळ आहे आणि तळाशी पेन्सिलीने ओढल्यासारख्या करड्या रेघा आहेत. टॉयलेट क्लीनर टाकून झालं, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर झालं, तारेची घासणीही झाली. आता सोसायटीतला सफाईवाला म्हणतोय, "मॅडम, ॲसिड टाकू, पाच मिनिटांत पांढरंशुभ्र." टाकू द्यावं का?

नाही. आणि तारेची घासणी आजच्या आज बाथरूममधून बाहेर काढा.

मी पुण्यात सव्वीस वर्षं सॅनिटरी फिटिंगचं काम करतो. सुरुवातीला पेठांमधल्या वाड्यांतल्या मोऱ्या केल्या, मग कोथरूडचे बंगले, आणि आता वाघोली-उंड्री-हिंजवडीकडच्या सोसायट्या. नवीन कमोड बसवायला जितक्यांनी बोलावलं, जवळपास तितक्यांनीच डागांसाठी बोलावलंय. बदलायलाच हवा असा कमोड त्यांत क्वचित निघाला. तुमचे तीन डाग म्हणजे तीन वेगळे रोग आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, एका डागाला तर तुमच्या घरातलं नेहमीचं औषध उलटं पक्कं करतं.

आधी हे भांडं म्हणजे काय ते बघू. आजीच्या लोणच्याची बरणी आठवा. बाहेरून पांढरी-पिवळी गुळगुळीत, आणि बुडाला जिथे ती फडताळावर टेकते तिथे एक खरखरीत कडं. ते कडं म्हणजे भाजलेली माती, आणि वरची चकाकी म्हणजे चक्क काच. कमोड-बेसिनचं तेच, फक्त माती जास्त चांगली. चिनी माती, गारेची पूड, फेल्डस्पार वगैरे मिसळून बाराशे अंशांच्या आसपास भाजतात आणि वर काचेचा थर चढतो, ज्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. तो थर जाडीला मिलिमीटरभरही नसतो. चांगल्या मालाची आतली मातीसुद्धा पाणी जवळजवळ पीत नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे ग्लेझ शाबूत असेल तर डाग 'आत' जायला वाटच नाही. तो काचेवर बसलेला असतो. बसलेल्याला उठवायचं असतं, त्यासाठी काच खरवडायची नसते.

म्हणून सगळ्यात पहिली तपासणी नखाची. भांडं कोरडं करा आणि डागावरून नख फिरवा. नख उंचवट्यावर चढलं तर वर क्षार बसलेत. अजिबात काही जाणवलं नाही तर नुसता रंग किंवा धातू. नख खाचेत अडकलं तर ग्लेझ गेलंय, आणि मग कुठलंही औषध आणलं तरी उपयोग नाही. तुमच्या वर्णनावरून पहिला डाग उंचवट्याचा आहे, बाकीचे दोन नुसते वर बसलेले.

आता ॲसिडचं. ते टाकलं तर डाग जातो, सफाईवाला खोटं बोलत नाही. पण बाकी काय काय जातं ते तो सांगत नाही. मी धंद्यात नवीन असताना सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात हाच पराक्रम केला होता. कमोड पांढरा झाला, मालकीणबाई खूश. ब्रश झटकताना चार थेंब खाली शहाबादी फरशीवर पडले आणि फेस आला, सोडा वॉटरसारखा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि आम्ल पडलं की चुनखडी विरघळते, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे चार पांढुरके, खडबडीत खळगे पडले ते कायमचे. त्या बाईंनी पैसे पूर्ण दिले आणि एवढंच म्हणाल्या, "चार ठिकाणी तुमची आठवण राहील हो." कडप्पा, कोटा, संगमरवर, सगळ्यांची हीच जात. टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंटही ॲसिडने खाल्लं जातं, मग खालच्या फ्लॅटचं छत ओलं दिसायला लागतं आणि भांडण लागतं. नुसत्या वाफेने नळाचा क्रोम काळवंडतो. बंद बाथरूममध्ये छातीत जळजळ होते ती वेगळीच. शिवाय 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. लेबल नसलेल्या बाटलीत काय आणि किती तीव्रतेचं आहे, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काही गंज काढायच्या द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते तर काचच विरघळवतं आणि कातडीवर पडलं तर जिवावर बेततं. तसलं काही घरात आणूच नका.

आता तुम्ही म्हणाल, माहेरी नारायण पेठेत हे डाग कधी पाहिले नाहीत. बरोबर आहे. खडकवासल्याचं पाणी म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत साठलेलं सह्याद्रीतलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी. उंड्री-पिसोळी-वाघोलीकडे बोअर आणि टँकर. ते पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेत त्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, साबणाला फेस येत नाही ते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे विरघळलेले हे क्षार, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरा पर्यायच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 600 म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीत बारा ग्रॅम. बादलीभर पाणी पूर्ण आटवलं तर तळाला तेवढी क्षारांची खडी उरेल. कमोडमध्ये पाणी रोज थोडं आटतं आणि कडेला थोडी खडी सोडतं. त्यात लोह आणि मैला मिसळून ती तपकिरी होते. तुमची रेघ ती हीच, कित्येक महिन्यांची साठलेली. आधीच्या भाडेकरूंचा वाटाही तुमच्या माथी आलाय.

एक मात्र पाहून घ्या. रेघ सगळीकडून सारखी आहे की मागच्या बाजूने वरून खाली ओघळ उतरलाय? ओघळ असेल तर फ्लशची टाकी गळतेय. रात्री झोपताना टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी रंगलं तर टाकीतलं वॉशर गेलंय. ते बदलल्याशिवाय डागाला हात लावू नका. गळती चालू ठेवून डाग काढणं म्हणजे पाऊस चालू असताना अंगण पुसणं. वॉशर किरकोळ किमतीचं असतं, आणि ते घरमालकाने बदलून द्यायचं असतं, असं माझं मत. घरमालकांची मतं वेगळी असतात.

आता रेघ काढू. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. जास्त लागणार असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला किलोवर घ्या, पुडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पाव किलो आणा. टॉयलेट क्लीनरने काम का झालं नाही, तर तुम्ही ते भरल्या पाण्यात ओतलंत. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये घट्ट केलेलं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, लेबल वाचून पाहा. पण भांड्यात दीड-दोन लिटर पाणी असताना ते पातळ होऊन जातं, आणि नेमकी पाण्याच्या रेषेवरची खडी हसत बसते. तेच पाणी काढून लावलं असतं तर निम्मं काम तेव्हाच झालं असतं. मी तरी लिंबूफूलच वापरतो. वाफ नाही, रात्रभर ठेवता येतं, आणि नळावर एखादा थेंब उडाला तर पुसून टाकता येतो.

पहिली पायरी म्हणजे पाणी काढणं, आणि लोक नेमकी हीच गाळतात. कमोडच्या बाजूचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी तोडायचा छोटा नळ, बंद करा, एकदा फ्लश करा. मग बादलीभर पाणी जरा उंचावरून एका दमात ओता, म्हणजे भांड्यातलं पाणी ओढलं जाऊन पातळी उतरते. उरलेलं जुन्या मगाने आणि स्पंजने काढा, हातमोजे घालून. पाणी काढलं की ड्रेनेजचा वास वर येईल, घाबरू नका, ते पाणीच वासाला अडवत असतं. काहीजण तोंडात फडकं कोंबतात. मीही कोंबायचो, एका घरी ते विसरलो, आणि त्यांच्या पाहुण्यांनी फ्लश केला. पुढचं सांगत नाही. खिडकी उघडी ठेवा, एवढं पुरे.

दोन लिटर कोमट पाण्यात दोनशे ग्रॅम लिंबूफूल विरघळवा. कोमट म्हणजे हात घालता येईल इतकं. उकळतं पाणी थंड भांड्यात ओतलं तर कमोड तडकू शकतो, आणि मग नवीनच आणावा लागतो. आता जुन्या पंचाच्या किंवा सुती साडीच्या पट्ट्या फाडून त्या पाण्यात भिजवा आणि रेघेवर गोल चिकटवा, पुलटिस बांधतात तशा. टिश्यू पेपरही चालतो, पण सुती कापड ओल जास्त धरतं. भांड्याच्या वरच्या कडेच्या आत, जिथून फ्लशचं पाणी सुटतं, त्या भोकांमध्ये हमखास खडी असते आणि त्यामुळेच फ्लश मंद येतो. तिथे पिळलेल्या पट्ट्या बोटाने कोंबा. किती कोंबल्या ते मोजून ठेवा, काढताना मोजून काढायच्या आहेत. उरलेलं पाणी वरून हळूहळू सोडा. रात्री अकराला लावलं तर सकाळी सहाला काढा.

पट्ट्या काढल्यावर रेघ तशीच दिसेल आणि तुम्ही मनातल्या मनात मला शिव्या द्याल. आता जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओल्या रेघेवर तिरकं दाबून सरकवा. सालपट निघावं तशी खडी सुटेल, खाली ओल्या खडूसारखा चिखल जमेल. हा आवाज मला फार आवडतो, आधी खरखर आणि मग एकदम काही नाही. जिथे खरखर संपते तिथे काच लागली. जाड थर असेल तर दुसऱ्या रात्री पुन्हा, ताज्या द्रावणाने. कालचं द्रावण वापरू नका, ते खडी खाऊन संपलेलं असतं. पाच-सहा वर्षांचा थर मी चार रात्रींत काढलाय. एका रात्रीत काढायचा हट्ट धरणाऱ्यांनीच बाजारात ॲसिड चालवलंय.

प्यूमिसचा दगड, टाचेला लावतात तो, काही लोक कमोडमध्ये वापरतात. ओल्या दगडाने अगदी हलक्या हाताने चालतो म्हणतात. मी वापरत नाही. तो आणि ग्लेझ कठीणपणात जवळजवळ तोडीस तोड, कधी कोण कोणाला ओरखडेल सांगता येत नाही. बेसिनला तर लावूच नका.

दुसरा डाग, नळाखालचा तांबूस ओघळ. हा गंज. बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं तेव्हा पाणी नितळ दिसतं. तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की हवेशी गाठ पडून तळाला नारिंगी साका बसतो. तुमचा नळ ठिबकत असणार, थेंब तिथेच पडून तिथेच वाळतो. इथे घराघरांत एक चूक होते. डाग दिसला की लोक ब्लीच ओततात, 'पांढरं करणारं' म्हणून. ब्लीच लोहाला आणखी गंजवतं. ओघळ फिकट व्हायचा सोडून गडद होतो आणि घट्ट बसतो. उलटं औषध म्हणालो ते हेच. तुम्ही ब्लीच लावलं नसेल तर नशीब समजा.

गंजाला औषध ऑक्झॅलिक ॲसिड. फर्निचर पॉलिशवाले लाकूड उजळायला वापरतात, हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात पांढरे खडे मिळतात. ते लोहाला धरून पाण्यात विरघळवतं. पण इथे एक मेख आहे, आणि ती मला धंद्यात पुष्कळ उशिरा कळली. दुष्फेन पाण्याच्या डागावर थेट ऑक्झॅलिक लावलं तर गंज जातो आणि जागी पांढरा, चिवट पापुद्रा बसतो. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, म्हणजे बहुतेक मूतखडे ज्याचे बनतात त्याचाच. डाग काढायला गेलो आणि बेसिनला मूतखडा करून आलो, असं व्हायचं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी लिंबूफुलाच्या पाण्याची पट्टी अर्धा-पाऊण तास, खडी उतरवायला. पाण्याने स्वच्छ धुवा, कोरडं पुसा. मग अर्धा लिटर आरओच्या गाळलेल्या पाण्यात दोन टेबलस्पून ऑक्झॅलिक, नळाचं पाणी नको. कापडाची पट्टी वीस मिनिटं, दर पाच-सात मिनिटांनी उचलून बघा. ताजा गंज असेल तर डोळ्यांदेखत पिवळा होऊन उतरतो, जुन्याला दोनदा लावावं लागतं. मग भरपूर पाण्याने धुऊन टाका, जाळीभोवतीच्या क्रोमच्या कड्यावर राहू देऊ नका.

हे खडे विषारी असतात. हातमोजे आणि साधा चष्मा हवाच, मुलं बाहेर, स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा नको. उरलेलं द्रावण पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून कपाटात ठेवायची आपल्याकडे जी सवय आहे, तिच्यापायी दवाखान्यात पोचलेली माणसं मला माहीत आहेत. उरलेलं भरपूर पाण्याबरोबर कमोडमध्ये सोडून द्या. इतकी काळजी घ्यायची नसेल तर नुसतं लिंबूफूल दोन-तीन दिवस सलग लावा. ते गंजालाही बऱ्यापैकी धरतं, फक्त वेळ घेतं. घरात लहान मूल रांगत असेल तर मी हाच मार्ग सांगतो.

जाता जाता आरओबद्दल. फिल्टरचं जे पाणी नळीतून वाया जातं ते बादलीत धरून लोक बेसिन-कमोड धुतात. पाणी वाचवायची भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशी-गॅलरीला वापरा, चिनी मातीवर वाळू देऊ नका.

तिसऱ्या डागाने लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि तो सगळ्यात सोपा. करड्या रेघा म्हणजे ओरखडे, बेसिनची वाट लागली, असं वाटतं ना? सराफाकडे गेलात की तो कसोटीच्या दगडावर तुमची बांगडी घासतो. रेघ कोणाची उमटते? सोन्याची. दगडाला काही होत नाही, कारण सोनं मऊ आणि दगड कठीण. तुमच्या बेसिनमध्ये तेच झालंय. कोणीतरी ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा स्टीलची बादली आपटली-सरकवली, आणि तुमच्या तारेच्या घासणीनेही भर घातली. ग्लेझ कठीण, धातू मऊ, म्हणून धातूच झिजून तिथे लागला. नख फिरवा, अडकणार नाही.

यासाठी खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप करा. ओल्या सुती कापडाच्या बोळ्याने रेघेच्या दिशेने नाही, गोल गोल फिरवत घासा, चांदीचं निरांजन उजळतो तसं. पाच मिनिटांत करडेपणा कापडावर उतरलेला दिसेल. साधी पांढरी टूथपेस्टही चालते, खडे असलेली नको. एखादी हट्टी रेघ राहिली तर वरचंच ऑक्झॅलिक कापसाच्या बोळ्याने दोन मिनिटं लावून धुऊन टाका. चिनी मातीच्या जेवणाच्या ताटांवर सुरी-काट्यांच्या ज्या काळ्या रेघा पडतात त्याही याच. पण तिथे फक्त सोडा, ऑक्झॅलिक नाही.

आणि तुम्ही सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलंत त्याबद्दल. फसफसलं, छान वाटलं, डाग तिथेच राहिला. एक आम्ल, दुसरा अल्कली, दोघांनी एकमेकांना मारलं आणि मागे उरलं खारट पाणी आणि वायू. सोडा घासायला चांगला आणि व्हिनेगर खडीला बरं, पण वेगवेगळ्या वेळी. व्हिनेगरमध्ये आम्ल चार-पाच टक्केच असतं, जाड खडीला ते पुरत नाही. फसफस हा कामाचा पुरावा नव्हे, गणपती विसर्जनाच्या ढोलासारखा नुसता आवाज आहे.

सोडा-व्हिनेगर एकत्र केल्याने निदान कोणाला इजा होत नाही. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र केलं तर होते. टॉयलेट क्लीनर, लिंबूफूल, व्हिनेगर, ऑक्झॅलिक, काहीही असो, ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. माझ्या हाताखालच्या एका मुलाने एकदा 'डबल पॉवर' म्हणून क्लीनरवर ब्लीच ओतलं. मी हॉलमध्ये मालकांशी हिशेब बोलत होतो. खोकल्याचा आवाज आला तेव्हा आधी वाटलं तंबाखूचा ठसका असेल. दार उघडलं तर हिरवट-पिवळा वायू, उग्र वास, आणि तो भिंतीला धरून खाली बसलेला. ओढून गच्चीवर नेला, नंतर डॉक्टरकडे. आठवडाभर त्याचा आवाज बसलेला होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत ब्लीच आणि आम्ल एका दिवशी नसतात. तुम्हीही एक दिवस एकच औषध ठेवा, मधे भरपूर पाणी. अमोनिया असलेल्या काच-पुसणीलाही ब्लीच चालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या विचाराल म्हणून हळदीचं सांगतो. बेसिनमध्ये हात धुताना हळद सांडली आणि साबण लागला की डाग लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू त्याच्यावरच तर बनायचं. साबण चुन्यासारखाच अल्कली, म्हणून. लिंबाच्या चार थेंबांनी लाल पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळा रंग उन्हाने जातो, खिडकीजवळचं बेसिन असेल तर काहीच करावं लागत नाही. ऊन येत नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन अर्धा तास ठेवा, त्यात दुसरं काही न मिसळता. केसांच्या कलरचे आणि मेंदीचे डागही त्यानेच उतरतात, तासाभरात लक्षात आलं तर. चहाच्या कपातला तपकिरी थर ओल्या बोटावर सोडा घेऊन चोळला की जातो. सोनेरी काठाच्या कपांना मात्र काठ सोडून चोळा.

जुन्या बेसिनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळपट रेघा दिसतात त्या वेगळ्या. ग्लेझलाच केसासारख्या भेगा गेलेल्या असतात आणि मळ त्यांत उतरलेला असतो. पेरॉक्साइडची पट्टी रात्रभर ठेवून फिकट होतात, जात नाहीत. तशी बरणी असेल तर तिच्यात पुन्हा लोणचं घालू नका, भेगांत मुरलेलं तेल खवट होतं. शोभेला ठेवा.

जुन्या बंगल्यांत कधीकधी पांढरा बाथटब सापडतो, त्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते चिनी मातीचं नाही, लोखंडावरचं इनॅमल आहे. त्याला आम्ल अजून कमी सोसतं. लिंबूफूल पातळ करून दहा-पंधरा मिनिटंच ठेवायचं, रात्रभर कधीच नाही.

आता तुमच्या घासणीचा हिशेब. तारेने किती दिवस घासलंत त्यावर आहे. सगळे डाग गेल्यावर बेसिन कोरडं करा, दिवा बंद करून मोबाइलचा उजेड बाजूने, भांड्याला अगदी आडवा पाडा. उजेड आरशासारखा परत आला तर ठीक. दुधी, मळकट पसरला तर तिथली चकाकी झिजलीय. तिथे डाग पुन्हा लवकर धरणार, रोज रात्री फडक्याने कोरडं पुसून ठेवलंत तरच आटोक्यात राहणार. त्यावर लावायचे रंग आणि लेप बाजारात मिळतात. मी दोन-तीनदा लावून पाहिले, वर्षभरात पोपडे निघाले, पुन्हा कोणाला सुचवले नाहीत. असं काही दिसलं तर आत्ताच फोटो काढून घरमालकाला तारखेसकट पाठवून ठेवा, घर सोडताना डिपॉझिटच्या वेळी उपयोगी पडतो. सफाईवाल्याने ॲसिड आणूनच ठेवलं असेल तर बाटली न उघडता त्यालाच परत न्यायला सांगा, मोरीत ओतू देऊ नका.